बांधापलीकडचा बार

माझं नाव ज्ञानोबा. आडनाव राहू द्या. नांदेडच्या एका हॉटेलात बारच्या काउंटरमागे मी सव्वीस वर्षं उभा होतो. बारमनचं नाव ज्ञानोबा आहे हे कळल्यावर नवं गिऱ्हाईक आधी कानाला हात लावायचं आणि मग ऑर्डर द्यायचं. एक-दोघांनी तर ओशाळून लिंबू सरबत मागितलं होतं. मालक म्हणाले, छातीवरच्या पट्टीवर ‘जॉनी’ लिहू या. मी म्हटलं, लिहा, पण त्या नावानं हाक मारली तर मी वळून बघणार नाही. शेवटी ‘नाना’वर तडजोड झाली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी पीत नाही आणि कधी प्यालोही नाही. चव घ्यावी लागते, ती काडीच्या टोकावर एक थेंब घेऊन जिभेला लावायची आणि चूळ भरायची. हलवाई पेढे खात नाही म्हटलं तर लोक लगेच मान डोलावतात. मी पीत नाही म्हटलं की एकमेकांकडे बघून हसतात. सव्वीस वर्षं हसून घेतलं त्यांनी.

आता निवृत्त होऊन दोन वर्षं उलटली. संपादकांचा निरोप आला की नाना, कॉकटेलवर लिहा, पण थंडीतल्या. मला बरं वाटलं. उन्हाळ्यात बर्फ घातला की काहीही खपतं. बारमनची खरी परीक्षा थंडीत, आणि त्यातही सकाळी.

सकाळी म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे मुंबईहून एक नवा मॅनेजर आला. तरुण, हुशार, केसाला तेल नाही. आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, हिवाळ्यात दर रविवारी अकरा ते तीन ‘विंटर ब्रंच’. नांदेडकरांचा पहिला प्रश्न होता, ही न्याहारी का जेवण? दोन्ही मिळून एकच, असं आम्ही समजावलं. ते काही कुणाला पटलं नाही. लोक घरून पोहे खाऊन यायचे, इथं तीन तास हादडायचे आणि ‘चला, घरी जेवायला थांबलेत’ म्हणत उठायचे.

खाण्याचं असं झकास चाललं, पण माझ्या काउंटरवर माशी फिरकेना. मॅनेजरनं कागद दिला होता त्याप्रमाणे मी उंच ग्लासांत बर्फ, संत्र्याचा रस, वर कागदी छत्री वगैरे मांडून बसलेलो. डिसेंबरातली सकाळ, लोक स्वेटरवर मफलर गुंडाळून आलेले. बर्फ बघूनच त्यांना कापरं भरायचं. आणि खरी अडचण थंडीची नव्हतीच. आपल्याकडे दिवसाउजेडी, बायकामुलांत, चार ओळखीची माणसं हिंडत असताना हातात ग्लास धरायची सोय नाही. पिणारा माणूस अंधार आणि कोपरा शोधतो. इथं तर मॅनेजरनं मोठ्या हौसेनं पडदे उघडले होते.

दुसऱ्या रविवारी मी डोकं चालवलं. ग्लास उचलून ठेवले आणि कपबश्या काढल्या. गरम पाणी, रम, लिंबू, मध. याला इंग्रजीत टॉडी म्हणतात. कपात ओतली की लांबून कोरा चहा. बशीत ओतून फुर्र करून प्यायली तरी कुणी बघत नाही. त्या दिवशी बाराच्या आत तीस कप गेले. पुढं पुढं लोक बायकोला सांगून यायचे, ‘जरा चहा घेतो’ म्हणून.

त्या चहानं एकदा फजितीही केली. एक जावईबापू खिडकीपाशी निवांत कप घेऊन बसले होते, तेवढ्यात त्यांचे सासरे दत्त म्हणून उभे. शेजारची खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, ‘आमालाबी एक च्या सांगा.’ जावयाच्या चेहऱ्यावरचं रक्त उडालं. मी आत जाऊन त्याच रंगाचा कोरा चहा करून आणला, त्याच कपात दिला. सासऱ्यांनी एक घोट घेतला, जावयाच्या कपाकडे पाहिलं, नाकानं हुंगल्यासारखं केलं आणि शांतपणे कप माझ्याकडे सरकवला. ‘ह्यो न्हाई. पावन्यांचा हाय त्यातला आना.’ त्या दिवसापासून ते दोघं दर रविवारी बरोबर यायचे. सासरा-जावयात इतकं गूळपीठ मी दुसरीकडे पाहिलं नाही.

गुळावरून आठवलं. दुधाच्या पेयात गूळ घालू नये. एका साखरपुड्याच्या सकाळी मला सुचलं की मसाला दुधात रम घालून द्यावी आणि साखरेऐवजी गूळ घालावा, आपल्या मातीतला प्रकार म्हणून. उकळत्या दुधात गूळ पडला आणि दहा लिटर दूध माझ्या डोळ्यांदेखत फाटलं. आपल्या घरातली कुठलीही बाई हे सांगू शकली असती. मी विचारलं नाही, कारण मी तज्ज्ञ होतो. पाहुणे दारात आलेले. मग घाबरत घाबरत सगळं चक्क्याच्या फडक्यातून गाळलं. खाली सोनेरी, नितळ पाणी उतरलं, ते ओतून कपाकपात रम घातली, वर जायफळ किसलं. हैदराबादचा एक पाहुणा ते पिऊन म्हणाला, ‘क्या हुनर है नाना, परदेशात याचे लई पैसे घेतात.’ मी कमरेत वाकून आदाब केला. फडक्यातलं पनीर त्या रात्री स्टाफनं खाल्लं.

पण आधी टॉडीचं बघू. लोक प्यायचे खरे, पण तोंड वाकडं करून. सर्दीचं औषध लागतंय, म्हणायचे. आणि दुसरी तक्रार त्याहून वाईट होती. ‘नाना, चढत नाही बुवा.’ मी मापात लबाडी करतो असा त्यांचा समज झाला. बारमनच्या इज्जतीचा प्रश्न होता.

या दोन्ही तक्रारींवर मला दोन माणसांकडून उतारा मिळाला. पहिले विष्णुपुरीला इंजिनियरिंग शिकवणारे एक प्राध्यापक. विषय उष्णता. सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचे, मीही तेच म्हणेन. सर दर रविवारी कानटोपी घालून यायचे आणि वरच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असायचा. कप आला की आधी थर्मामीटर बुडवायचे, मग ओठ. एक दिवस मला जवळ बोलावलं. ‘ज्ञानोबा, तुम्ही रम पातेल्यातच घालून उकळता?’ म्हटलं, हो. ‘मग ती आम्हाला कशी चढणार? ती छताला चढली! अल्कोहोल अठ्ठ्याहत्तर अंशालाच उडून जातं. पाणी उकळायच्या कितीतरी आधी.’ त्यांनी कागदी रुमालावर आलेख काढून दाखवला. तेव्हापासून माझा नियम झाला. पातेल्यात फक्त मसाल्याचं गरम पाणी, दारूचा थेंबसुद्धा नाही. रम प्रत्येकाच्या कपात, वेगळी मोजून, सगळ्यात शेवटी. हा नियम मी एकदाही मोडला नाही. वाचकांनी हा लक्षात ठेवावा, पुढं लागणार आहे.

चवीचा उतारा मात्र माझ्याजवळच होता. मी तो विचारून आणला नव्हता, चोरून आणला होता.

माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली. थोरली बहीण, आक्का, तेव्हा मुखेडजवळच्या एका गावात नांदत होती. ती आली, बाराव्या-तेराव्याचं उरकलं आणि जाताना मला हाताला धरून घेऊन गेली. दाजींनी एका शब्दानं विचारलं नाही. त्या घरात मी वाढलो. मला थंडीत खोकला धरायचा आणि आक्का काढा करायची. सुंठ, मिरी, लवंगा, गवती चहा हे सगळेच घालतात. आक्काची खुबी गुळात होती. लोखंडी पळी चुलीत लाल करायची, तिच्यात गुळाचा खडा टाकायचा, तो विरघळून, फसफसून, काळा पडून धूर सोडायला लागला की पळी तशीच्या तशी उकळत्या पाण्यात बुडवायची. चर्र आवाज व्हायचा आणि घरभर एक वास सुटायचा, अर्धा गोड, अर्धा जळका. तो वास नाकात गेला की निम्मा खोकला तिथंच थांबायचा.

पुढच्याच रविवारी मी हॉटेलच्या भटारखान्यात लोखंडी पळी तापवली. पातेल्यात आक्काचा काढा, कपात रम, वर संत्र्याची साल. सरांनी थर्मामीटर बुडवला, घोट घेतला, डोळे मिटले आणि थर्मामीटर खिशात ठेवायचं विसरले. त्या हिवाळ्यात लातूरहून गाड्या करून लोक ब्रंचला यायला लागले. कृती कुठली, असं जो तो विचारायचा. मी म्हणायचो, एका गोऱ्या साहेबाच्या जुन्या पुस्तकातली.

का म्हणायचो? कारण आक्का आणि दाजी दोघंही माळकरी. तुळशीची माळ गळ्यात घातली की दारू, मटण वर्ज्य, आणि नुसतं वर्ज्य नाही, त्याला शिवलेलं भांडंही चालत नाही. गावाकडे मी सांगितलं होतं, हॉटेलात काम करतो, प्यायच्या वस्तूंचं खातं माझ्याकडे आहे. हे काही खोटं नव्हतं. आणि गंमत बघा, दहा वर्षं ही गोष्ट गावात कुणाला कळली नाही. गावातले निदान सातजण मला काउंटरमागे बघून गेले होते. पण मला बारमध्ये पाहिलं हे सांगायचं तर आपण तिथं काय करत होतो हेही सांगावं लागतं. त्या सातांनी माझं गुपित प्राणपणानं जपलं.

ते फोडलं मीच, माझ्या हौसेनं. टॉडीची बातमी एका पेपरात आली, माझ्या फोटोसकट. एका हातात कप, दुसऱ्यात बाटली, खाली साहेबाच्या पुस्तकाचा किस्सा. मी दहा अंक विकत घेतले. तो पेपर गावातही जातो आणि मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचतात, हे त्या आनंदात माझ्या डोक्यात आलंच नाही.

पुढच्या खेपेला गावी गेलो. आक्कानं नेहमीसारखं पाय धुवायला पाणी ठेवलं, गरम भाकरीवर लोणी वाढलं, पोटभर जेवू घातलं. जेवण झाल्यावर मी घागरीतून तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला. तिला जेवणानंतर पाणी द्यायचं काम सात वर्षांचा असल्यापासून माझंच. तिनं हात मागं घेतला.

‘ठिव तितं. म्या घीन.’

‘आक्का, म्या पीत न्हाई गं. तुझी शपथ.’

‘तू पीत न्हाईस, मला ठावं हाय,’ ती म्हणाली. ‘पाजतूस ना? लोकायच्या लेकरायला पाजतूस.’

त्यानंतर अठरा वर्षं तिनं माझ्या हातून पाणी घेतलं नाही. माझ्याशी बोलायची, चिडवायची, जाताना पिशवीत ज्वारीचं पीठ भरून द्यायची. दाजी गेले तेव्हा माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्या दिवशीही पाणी शेजारणीच्या हातून घेतलं. मला ते फार लागलं. रागावली असती, बोलणं टाकलं असतं तरी परवडलं असतं. भरलेला तांब्या खाली ठेवायचा आणि तिनं तो स्वतः उचलायचा, हे दर खेपेला नव्यानं व्हायचं.

आणि तिचं म्हणणं चुकीचं तरी कसं म्हणू? ब्रंचला एक गृहस्थ यायचे, बँकेतून निवृत्त झालेले, हसरे. एका हिवाळ्यात त्यांचा रंग पिवळा दिसायला लागला. मी त्यांच्या कपात रम घालणं बंद केलं आणि नुसता काढा देत राहिलो. ते घोट घ्यायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, ‘नाना, आज कडक झालीय हां.’ दोघांनाही ठाऊक होतं. तीन महिने हा खेळ चालला, मग ते यायचे थांबले. रम बंद करायची अक्कल मला चार वर्षं आधी यायला हवी होती.

असो. गेल्या हिवाळ्याचं सांगतो, त्यासाठीच एवढं लिहिलं.

आक्काच्या मुलानं, बळीरामनं, शेतात हुरडा पार्ट्या सुरू केल्यात. रविवारी सकाळी नांदेड-लातूरकडची मंडळी येतात. आगटीतल्या निखाऱ्यांवर भाजलेला गूळभेंडी ज्वारीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, मग पिठलं-भाकरी. म्हणजे दहापासून दोनपर्यंत न्याहारी आणि जेवण एकच. मुंबईच्या मॅनेजरला जे नांदेडकरांना समजावता आलं नाही ते आमच्या बापजाद्यांना आधीपासून येत होतं.

एक दिवस सरांचा फोन आला. ‘ज्ञानोबा, आम्ही पंधरा निवृत्त मास्तर तुमच्या भाच्याकडे हुरड्याला जातोय. हुरडा त्याचा, पण टॉडी तुमची. नाही म्हणू नका, आमच्यातल्या कितीजणांना पुढचा हिवाळा दिसतो कुणास ठाऊक.’

मी नाहीच म्हणणार होतो. पण बळीराम मागं लागला. ‘मामा, लई मोठी मानसं हायेत. एक दिवसाचा परवाना म्या काढतो. आईला सांगू, काढा हाय.’

म्हटलं, बाबा रे, एकदा अर्धं खरं बोललो त्याची अठरा वर्षं भोगतोय. आता पुरं खरं सांगू. एसटीनं मुखेडला उतरलो, तिथून गावी. आक्का अंगणात तूर निवडत होती. मी समोर बसून सरळ सांगितलं. सरांची माणसं येणार, त्यांना गरम दारू हवी आहे, ती मी करणार, तू नको म्हणालीस तर येणार नाही.

आक्कानं सूपभर तूर निवडून संपवली. मग म्हणाली, ‘मपल्या रानात न्हाई.’

बळीरामचा चेहरा उतरला.

‘बांधाच्या पल्याड काय करायचं ते करा,’ ती म्हणाली. ‘पल्याडचं मला इचारू नका.’

बांधापलीकडचं रान लातूरच्या एका वकिलाचं, पडीक. त्यांनी फोनवर परवानगी दिली, पुढच्या वेळी आपल्यालाही बोलवायच्या बोलीवर. परवान्यातही तोच पत्ता घातला. असा माझ्या आयुष्यातला पहिला स्वतंत्र बार पडीक रानात, लिंबाच्या झाडाखाली, एका टेबलावर आणि तीन दगडांच्या चुलीवर उघडला.

रविवारी मास्तर आले. बांधाच्या अलीकडे चटया, आगटी, पाण्याची घागर आणि कणसं चोळत बसलेली आक्का. पलीकडे मी. ज्याला टॉडी हवी त्यानं बांध ओलांडायचा, पिऊन कप तिथंच ठेवायचा आणि परत यायचं. सत्तरी ओलांडलेली माणसं, धोतराचा सोगा नाहीतर पँट वर धरून, एकमेकांना हात देत बांध चढायला लागली. आक्का कणसं चोळता चोळता हिशेब ठेवत होती. ‘बळ्या, त्या कानटोपीवाल्या मास्तरचा दुसरा फेरा हाय बग,’ एवढं मला पलीकडे ऐकू आलं.

तो कानटोपीवाला म्हणजे आमचे सर. पहिला कप ते काही न बोलता पिऊन गेले होते. दुसऱ्या खेपेला थर्मामीटर बुडवला, घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले.

‘तापमान बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘पेय चुकलंय.’

चुकलं नव्हतं, मी चुकवलं होतं. आक्का वीस पावलांवर बसलेली. तिच्यासमोर गूळ जाळायची माझी छाती झाली नाही, म्हणून साखरेवर भागवलं होतं. सर म्हणाले, ‘ज्ञानोबा, हे कुणाच्याही हातचं झालं. इतक्या लांब आम्ही याच्यासाठी आलो नाही.’ बाकीचे मास्तरही कप हातात धरून नुसतेच उभे होते. बारमनला शिवी दिली तर चालते, कपात उरलेली दारू सहन होत नाही. मी पातेलं रिकामं केलं, नवं पाणी ठेवलं, मिरी-सुंठ टाकली आणि पिशवीतून लोखंडी पळी काढली. पळी आणली होती, बघा. मनात होतंच.

गूळ काळा पडला. पळी पाण्यात बुडली, चर्र झालं, आणि वाऱ्यानं तो वास उचलून सरळ बांधावरून अलीकडे नेला. बांध माणसांसाठी असतो.

आक्काचे हात थांबले. ती उठली, गुडघ्यावर हात ठेवत बांधापर्यंत आली आणि तिथं उभी राहिली.

‘ज्ञानू. वास कशाचा हाय रं?’

‘गुळाचा.’

‘जाळलेल्या गुळाचा. ह्यो मपला काढा हाय.’

मी काही बोलायच्या आत सर मदतीला धावले. ‘नाही हो बाई. ही एका गोऱ्या साहेबाच्या पुस्तकातली कृती आहे. पेपरात आलं होतं तसं.’

आक्कानं सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बळीराम आगटीपाशी उभा, हातात तसंच कणीस.

‘साहेब कुणी नाही, सर,’ मी म्हणालो. ‘पुस्तकही नाही. ही माझी आक्का. काढा हिचा आहे. मी लहान असताना मला पाजायची.’

‘म्या गोरा सायब हाय व्हय रं?’ आक्का म्हणाली. एक मास्तर फुसकन हसला आणि घाईनं खोकला. आक्का हसली नाही. ‘इतकी सालं मपला काढा इकून राहिलास. आन नाव सायबाचं?’

‘दारूच्या दुकानात तुजं नाव कसं घिऊ, आक्का?’

‘काढा नेताना लाज न्हाई वाटली. नाव घेताना वाटली?’

मी मान खाली घालून उभा राहिलो, साठीचा घोडा, जसा शाळेत खडू चोरल्यावर उभा राहिलो असेन तसा.

तिनं पातेल्याकडे बोट केलं. ‘ह्येच्यात वतलास का ते?’

‘न्हाई. पातेल्यात कदीच न्हाई. कपात घालतो, येगळी, शेवटाला.’

‘अगदी खरं आहे,’ सर उत्साहानं म्हणाले. त्यांच्यातला मास्तर जागा झाला होता. ‘त्याचं असं आहे बाई, अल्कोहोलचा उत्कलनबिंदू...’

‘मास्तर, तुमी गप बसा,’ आक्का म्हणाली. सर गप बसले. ‘ज्ञानू, इतक्या सालात एकदाबी न्हाई?’

‘एकदाबी न्हाई. काढा हाय तसाच हाय, आक्का. तुजा व्हता तसाच.’

ती वळली. मला वाटलं, संपलं, चालली. पण ती चटईवरून आपला पितळी पेला घेऊन परत आली आणि बांधावरूनच पुढे धरला.

‘वरून वत. शिवू नगंस. मपली चीज हाय, बिगडवलीस का बगते.’

मी पळीनं वरून ओतला. कितीही म्हटलं तरी व्यवसायातला हात, एक थेंब बाहेर गेला नाही. आक्कानं फुंकर घातली, घोट घेतला आणि तो तोंडात असा घोळवला की मी इतकी वर्षं चव घेणारा, मलासुद्धा जमलं नसतं. मग गिळला. आणि तिला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं. घाबरून मी मिरी दुप्पट टाकली होती.

‘आरं मिरं किती घातलास!’ ती खोकत खोकत ओरडली. ‘बगत काय उबा ऱ्हायलास? पानी दे की!’

मी बांध कसा ओलांडला मला आठवत नाही. घागरीवरचा दुसरा पेला आत बुडवला आणि पळत सुटलो. सव्वीस वर्षांत भरलेला ट्रे घेऊन गर्दीतून गेलो, कधी थेंब सांडला नव्हता. तिच्यापाशी पोचलो तेव्हा पेला अर्धाच उरला होता, बाकीचं माझ्या शर्टावर होतं. तिनं हात पुढं केला, माझ्या हातातून पेला घेतला आणि गटागटा प्याली. पिऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. रिकाम्या पेल्याकडे क्षणभर बघत राहिली. मग तो माझ्यापुढे धरला.

‘अर्दाच आनलास,’ आक्का म्हणाली. ‘जा, भरून आन.’